ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा : एलईडी कसा बसवावा, कसा तपासावा



आपल्या एका सभासदाचा मुलगा मागल्या हंगामात रात्री साडेनऊच्या सुमाराला मोटारसायकलवरून घरी येत होता. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. ती त्याला दिसली ती अगदी दहा-बारा हातांवर आल्यावर. पोराचा जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले आणि सारा हंगाम अंथरुणात गेला. ट्रॉलीही आपल्याच दुसऱ्या एका सभासदाची. त्यांना विचारलं तर म्हणाले, "अहो, बल्ब आठ दिवसांपूर्वीच नवा घातलाय की!" आम्ही गॅरेजमधली मंडळी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहून आलो. बल्ब होता, आणि खरोखरच नवा होता. आतली तार तेवढी तुटलेली होती. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

दोन्ही घरं आपलीच. म्हणून या हंगामाच्या तोंडावर हा पाठ लिहीत आहोत. मागचा लाल दिवा, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर हे तीन दिवे एलईडीचे करायचे तर काय घ्यावं, कसं जोडावं आणि कुठं फसगत होते, एवढाच विषय. पुढच्या मोठ्या दिव्यांचा, म्हणजे हेडलाईटचा, विषय यात नाही. तारेच्या बल्बसाठी केलेल्या हेडलाईटमध्ये एलईडीचा बल्ब कोंबला तर समोरच्याचे डोळे दिपतात. तो उद्योग कुणी करू नये.

तारेचा बल्ब का दगा देतो?

बल्बात टंगस्टनची बारीक तार असते. ती तापून पांढरी झाली म्हणजे उजेड पडतो. तापलेली तार मऊ आणि नाजूक असते. फडातून निघालेली भरली ट्रॉली चाकोरी, चर, बांध ओलांडत येते. रिकामी परत जाते तेव्हा तर आणखीच आदळते. त्या हादऱ्यांनी तार तुटते. चालकाला मागचं दिसत नाही, त्यामुळे तुटलेलं कळत नाही.

दुसरं कारण वायरचं. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या शेपटापर्यंत पंधरा मीटर वायर सहज लागते. बाजारात मिळते ती पुष्कळदा अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब लागले की साडेतीन अँपिअर प्रवाह जातो, आणि अशा वायरीत जाता जाताच पावणेदोन-दोन व्होल्ट खर्ची पडतात. बारा व्होल्टच्या बल्बला दहाच व्होल्ट मिळाले तर उजेड किती कमी होतो? सहाव्या हिश्श्याने नव्हे, जवळजवळ निम्म्याने! बल्ब जळत असतो, पण मागच्याला तो विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसतो.

तिसरं कारण बॅटरीचं. हे आपल्या धंद्यातलं खरं दुखणं आहे. काट्यापुढे रांग लागली की गाड्या रस्त्याच्या कडेला रात्र रात्र उभ्या असतात. ट्रॅक्टरचे चार आणि दोन ट्रॉल्यांचे चार असे पाच-पाच वॅटचे आठ दिवे धरले तर चाळीस वॅट होतात, म्हणजे तासाला सव्वातीन अँपिअर. आठ तासांत सव्वीस-सत्तावीस अँपिअर-तास गेले. ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून हा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग झाला. बॅटरी जुनी असली तर पहाटे स्टार्टर नुसता "टक" करतो. मग चालक काय करतो? दिवे बंद करून झोपतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. म्हणून त्याला नुसतं रागावून उपयोग नाही.

एलईडीने काय फरक पडतो?

एलईडी म्हणजे उजेड देणारा डायोड. यात तापणारी तार नसते. विशिष्ट पदार्थांच्या दोन थरांच्या सांध्यातून वीज गेली की तिथूनच उजेड निघतो. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ साली अमेरिकेत निक होलोनिअॅक यांनी केला. निळा एलईडी व्हायला पुढं तीस वर्षं लागली. तो करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. आपल्या कामाचा आहे तो या घराण्यातला सगळ्यात थोरला, लाल एलईडी.

फायदे तीन. तार नाही, म्हणून हादऱ्याने तुटत नाही. वीज फार थोडी लागते. वर सांगितलेले आठ दिवे एलईडीचे केले तर चाळीस वॅटच्या जागी पाच-सात वॅट पुरतात. रात्रभर दिवे लावून ठेवले तरी बॅटरीतून चार-पाच अँपिअर-तासच जातात. दिवे बंद करून झोपायचं कारणच उरत नाही.

तिसरा फायदा ब्रेकच्या दिव्याचा. तारेच्या बल्बला पुरता पेटायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, एलईडी मात्र लागलीच पेटतो. एक पंचमांश सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण मागून ताशी साठ किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात सव्वातीन मीटर, म्हणजे सुमारे अकरा फूट पुढे येते. अकरा फुटांत धडक होते किंवा टळते.

नुसता बल्ब बदलावा की अख्खा दिवा?

दुकानात दोन प्रकार मिळतात. एक, जुन्याच होल्डरमध्ये बसणारा एलईडीचा बल्ब. दुसरा, काचेसकट बंदिस्त असा अख्खा दिवा. आमचा सल्ला अख्ख्या दिव्याचा आहे. त्याचं कारण असं.

जुन्या दिव्यातला आरसा आणि काच ही बल्बातली तार नेमकी कुठं असते त्या मापाने केलेली असतात. एलईडीच्या बल्बावर दाणे कुठं समोर, कुठं बाजूला चिकटवलेले असतात. त्यामुळे कधी दिवा समोरून झगझगीत दिसतो, पण वळणावरून, बाजूने पाहिलं तर मंद. आपल्याकडच्या रस्त्यांना वळणं काय कमी आहेत?

शिवाय मागचा बल्ब दोन कामांचा असतो, ५ वॅटचा टेल आणि २१ वॅटचा ब्रेक. टेल लागलेला असताना ब्रेक दाबला की उजेड ठळक वाढला पाहिजे. हलक्या एलईडी बल्बांत हा फरक इतका कमी असतो की ब्रेक दाबला हे मागच्याला कळतच नाही. असा दिवा असून नसल्यासारखा.

अख्खा दिवा घेताना या गोष्टी पाहाव्यात :

१) व्होल्टेज. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा, बहुतेक मालट्रक २४ व्होल्टचे. ट्रॉलीला "१० ते ३० व्होल्ट" असा शिक्का असलेला दिवा घेतला तर दोन्हींवर चालतो.

२) पाणी आणि धूळ. "आयपी ६७" अशी खूण असावी. दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जाऊ नये, असा तिचा अर्थ. एलईडी हादऱ्याने मरत नाही, पण आत पाणी शिरलं की मरतो.

३) मान्यतेची खूण. काचेवर मान्यतेचा छाप असतो. तो नसलेला, नुसता रंगीबेरंगी लुकलुकणारा दिवा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. वाहनाच्या मूळ बनावटीत मोठा फेरफार करायचा असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावं.

४) रंग. मागे लाल, इंडिकेटर पिवळसर नारिंगी. इथं पुष्कळांची चूक होते. लाल काचेमागे पांढरा एलईडी घातला तर चालेल असं वाटतं, कारण तारेचा बल्बही पांढराच होता. पण तारेच्या उजेडात लाल रंग भरपूर असतो, पांढऱ्या एलईडीत तो कमी असतो. काच बाकीचे रंग अडवते आणि हाती उरतो फिकट गुलाबी उजेड. म्हणून लाल काचेमागे लालच एलईडी, नारिंगी काचेमागे नारिंगीच. मागच्या बाजूला निळे-पांढरे दिवे आणि पुढच्या बाजूला लाल दिवा हे तर नियमातही बसत नाही आणि समोरच्याला भलताच अंदाज देतं.

इंडिकेटर लुकलुकत का नाही?

एलईडी बसवला की पहिली तक्रार येते ती ही. "साहेब, इंडिकेटर नुसता लागून राहतोय", नाहीतर "फार भराभर मारतोय". दिवा खराब नसतो. दोष जुन्या फ्लॅशरचा असतो.

जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो. बल्बांचा प्रवाह त्याच्यातल्या पट्टीतून जातो, पट्टी तापून वाकते, जोड सुटतो. थंड झाली की परत जुळतो. ट्रॉली जोडली की इंडिकेटर घाई करतो, हे तुम्ही पाहिलं असेल. बल्ब वाढले, प्रवाह वाढला, पट्टी लवकर तापली. आता उलट पाहा. एका बाजूला ट्रॅक्टरचे दोन आणि ट्रॉल्यांचे दोन, असे २१ वॅटचे चार बल्ब म्हणजे सात अँपिअर. त्या जागी एलईडी आले की प्रवाह एक अँपिअरच्या आसपास. एवढ्याने पट्टी पुरती तापतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरातले काही प्रकार असे असतात की प्रवाह कमी झाला की "बल्ब गेला" असं समजून दुप्पट वेगाने लुकलुकतात.

यावर दोन उपाय सांगतात. एक, दिव्याला समांतर रेझिस्टर जोडून खोटा भार दाखवायचा. दुसरा, प्रवाहावर अवलंबून नसलेला, एलईडीसाठीचा फ्लॅशर घालायचा. दुसराच करावा. सहा ओहमचा रेझिस्टर इंजिन चालू असताना तीस वॅटहून जास्त उष्णता टाकतो. तो हाताला चटका देतो, प्लॅस्टिक वितळवतो. आपल्या ट्रॉलीवर काय असतं? वाळलेलं पाचट. त्यात तापलेला रेझिस्टर ठेवणं म्हणजे आगीला घरी बोलावणं. आणि वीज वाचवायला एलईडी घालून ती रेझिस्टरमध्ये जाळायची, यात शहाणपण ते कोणतं?

फ्लॅशर बदलताना जुन्याच्या पिना कशा आहेत ते पाहून घ्या. बहुधा "बी" म्हणजे बॅटरीकडून येणारी, "एल" म्हणजे दिव्यांकडे जाणारी. एलईडीच्या फ्लॅशरला पुष्कळदा तिसरी, अर्थची वायर लागते. ती जोडायची राहिली तर तो चालत नाही, आणि आपण दुकानदाराशी उगाच भांडतो. लुकलुकण्याचा वेग मिनिटाला ६० ते १२० च्या मध्ये असावा. घड्याळ लावून मोजा.

चारही इंडिकेटर एकदम का लागतात?

ही दुसरी तक्रार. डावा लावला तर उजवाही लुकलुकतो. ज्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर इंडिकेटरचा एकच लहान दिवा असतो, तिथं हे होतं. तो दिवा डाव्या आणि उजव्या वायरीच्या मधोमध जोडलेला असतो. डावीकडे वीज आली की ती त्या लहान दिव्यातून उजवीकडच्या बल्बांमार्गे अर्थला जाते. तेवढ्या थोड्या विजेने उजवीकडचे २१ वॅटचे बल्ब पेटत नाहीत. एलईडी मात्र थोडक्यावरही पेटतो, म्हणून सगळेच लागतात.

उपाय सोपा आहे. लहान दिव्याच्या एका टोकाला दोन डायोड जोडायचे, एक डाव्या वायरीकडून, एक उजव्या वायरीकडून, दोघांच्याही पट्टीच्या बाजू दिव्याकडे. आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला द्यायचं. वायरमनला "वन एन ४००७" असा डायोड सांगा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात तो मिळतो. डायोड म्हणजे आपल्या पाइपलाइनीतला एकतर्फी व्हॉल्व्ह. पाणी पुढं जातं, मागं येत नाही. दोन्हीकडून दिव्याला वीज मिळते, पण इकडची तिकडे जात नाही.

वायर, प्लग आणि अर्थ

एलईडी स्वतःही डायोडच. उलटा जोडला तर पेटत नाही. तारेच्या बल्बला उलटं-सुलटं नसतं, त्यामुळे जुनी सवय इथं नडते. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचं धन टोक अर्थला जोडलेलं असतं. आधी मीटर लावून खात्री करा.

ट्रॉलीला सात पिनांचा प्लग असेल तर पुष्कळ ठिकाणी चालणारा संकेत असा : १ पिवळी – डावा इंडिकेटर, २ निळी – धुक्याचा दिवा, ३ पांढरी – अर्थ, ४ हिरवी – उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी – उजवा टेल, ६ लाल – ब्रेक, ७ काळी – डावा टेल. आपल्याकडच्या ट्रॉल्यांत कुणी काय रंग ओढला असेल याचा नेम नाही. म्हणून संकेत पाठ करा, पण विश्वास मीटरवर ठेवा. एकदा नीट लावून घेतलं म्हणजे कुणाचीही ट्रॉली कुणाच्याही ट्रॅक्टरला जोडता येते.

यातली तिसरी, पांढरी वायर सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी ओढत नाही. "ट्रॉली लोखंडाची आहे, हिचपिनेतून अर्थ मिळतो", असं म्हणतात. हिचपिनेला ग्रीस, गंज आणि माती. खड्ड्यात जोड सुटतो, पुन्हा जुळतो, दिवे फडफडतात. जगातला उत्तम दिवा आणला तरी अर्थ कच्ची असेल तर तो मिणमिणेल. अर्थची वायर स्वतंत्र ओढा, जाड ओढा, जोड नुसता पीळ घालून नको, झाळून आणि नळी चढवून करा. वायर साठ्याच्या खालून लोखंडी पाइपातून न्या. नाहीतर तोडणीचा कोयता नाहीतर उंदीर, दोघांपैकी एक ती तोडतोच. फ्यूज मूळचाच ठेवा, मोठा घालू नका.

तपासणी कशी करायची?

काम झालं की पैसे देण्याआधी, दिवेलागणीला, घरच्या एका माणसाला सोबत घेऊन एवढं करा.

१) १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ट्रॉलीपासून दोनशे-सव्वादोनशे पावलं मागं चालत जा. तिथून दिसतोय का पाहा.

२) तिथूनच ब्रेक दाबायला सांगा. उजेड वाढलेला स्पष्ट कळला पाहिजे. "वाढला वाटतं" असं म्हणावं लागलं तर दिवा परत करा.

३) टेल, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही एकदम लावा. एक लावल्यावर दुसरा मंद होत असेल तर अर्थ कच्ची आहे.

४) बाजूला, वळणावर उभं राहावं तसं उभं राहून पाहा.

५) साठा हलवा, प्लग हलवा. दिवा फडफडला तर जोड सैल आहे.

आणि शेवटची परीक्षा भरल्यानंतरची. ऊस भरला की मागे वाढं लोंबतात आणि दिव्यावर पडदा पडतो. एलईडी असो की आणखी काही, वाढ्यांतून उजेड बाहेर येत नाही. मोळी बांधताना मागची बाजू छाटून घ्यायला टोळीला सांगा. दिवा साठ्याच्या अगदी कडेला, खाली लोखंडी जाळीत बसवा. फडातून डांबरी रस्त्यावर चढण्यापूर्वी काचेवरचा चिखल फडक्याने पुसायचा, ही चालकाची सवय व्हायला हवी. अर्धा मिनिट लागतं.

दिव्यावर सगळी भिस्तही ठेवू नये. वीज कधी जाईल सांगता येत नाही. मागे लाल परावर्तक आणि पट्ट्या हव्यातच. त्यांना बॅटरी लागत नाही, मागच्याच्या दिव्यावर त्या चमकतात. बैलगाडीवाल्या बांधवांना तर तेच मुख्य साधन. त्यांनी परावर्तकाच्या जोडीला सेलवर चालणारा लहान लाल एलईडी दिवा मागे टांगावा. आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर मागे दगड लावून ठेवायचे आणि गाडी गेल्यावर ते तिथंच सोडायचे, ही पद्धत कृपा करून बंद करा. तो दगड पुढच्या माणसासाठी दुसरा अपघात मांडून ठेवतो.

सभासद बंधूंनो, हा दिवा आपल्याला दिसत नाही. तो मागून येणाऱ्यासाठी असतो. आपण पैसे खर्च करायचे आणि उपयोग व्हायचा तिऱ्हाइताला, म्हणून तो नेहमी उद्यावर पडतो. पण हंगामात या रस्त्याने मागून येतं कोण? दूध घालून परतणारा शेजारी, शिकवणीहून येणारी मुलगी, दुसऱ्या पाळीचे कामगार. तो मुलगा आता काठी घेऊन चालतो. ज्यांची ट्रॉली होती ते सभासद त्याला भेटायला गेले होते. परत येताना आमच्या गॅरेजवर थांबले आणि म्हणाले, "दोन्ही ट्रॉल्यांचे दिवे बदलून द्या. आणि ते तुमचं पावलं मोजायचं, ते मी स्वतः मोजणार."

पहिली मोळी गव्हाणीत पडण्याआधी सर्वांनी एवढं करून घ्यावं, ही विनंती. जोडणीत अडचण आली तर ट्रॉली घेऊन गॅरेजवर यावं, बसून दाखवू.